माझ्या पडद्यावर आईची खिडकी

आमच्या घरात एकमेकांच्या ताटातलं उचलून खाल्लेलं चालायचं, एकमेकांच्या चपला पायात सरकवून दुकानात गेलेलं चालायचं, पण दुसऱ्याच्या नावाचं पाकीट फोडलेलं चालायचं नाही. बाबा नांदेडला रेल्वेच्या कचेरीत टपालाच्या टेबलावर होते. जन्मभर दुसऱ्यांची पाकिटं हाताळणाऱ्या माणसाला आतल्या कागदापेक्षा वरचं नाव मोठं वाटायला लागत असावं. विम्याची नोटीस असो की आईच्या मैत्रिणीचं आंतरदेशीय, ते आईच्या नावाचं असेल तर संध्याकाळपर्यंत दाराजवळच्या खिळ्यावर टोचलेलं राहायचं, आणि आई हात पुसत येऊन ते काढायची. मला या नियमाचा लहानपणापासून जाच वाटे. मी जन्माची उतावळी. भाकरी फुगायच्या आत तव्यावरून ओढणारी, पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणारी. खिळ्यावरचं पाकीट मी उजेडासमोर धरून बघायची आणि बाबा पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "मंजू, कुणाचं नाव हाय त्यावर?"

घरात कॉम्प्युटर आला तो अवीकाकांमुळे. अवीकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. लातूरला मुलांना कॉम्प्युटर शिकवायचे आणि स्वतः त्या मुलांहून जास्त रमायचे. जुन्या भागांतून जुळवलेलं ते यंत्र त्यांनी गोधडीत गुंडाळून, लातूर ते नांदेड एसटीत मांडीवर घेऊन आणलं. त्यात लिनक्स घातलेलं होतं. आमच्या गल्लीत कुणाकडे ते नव्हतं, त्यामुळे मैत्रिणींचे गेम माझ्याकडे चालायचे नाहीत आणि काकांवर माझा एक कायमचा राग होता. पण त्यांनी एक काम असं केलं की बाबा खूश झाले. एकाच मशीनमध्ये त्यांनी तीन नावं तयार केली. बाबांचं, आईचं आणि माझं. ज्याचं नाव त्याचा पासवर्ड, ज्याच्या वस्तू त्याच्या खोलीत. "एकाचं दुसऱ्याला दिसत न्हाई, वहिनी," काका म्हणाले, आणि आईने पदराने कीबोर्ड पुसत विचारलं, "खरंच दिसत न्हाई?"

मला मात्र काकांनी आणखी एक गोष्ट दिली. लिनक्समध्ये रूट म्हणून एकजण असतो. तो मशीनचा मालक. त्याला कुठल्याही खोलीत जाता येतं, कुठलंही कुलूप त्याला आडवं येत नाही. काही बिघडलं तर घरात कुणीतरी दुरुस्त करणारं हवं, म्हणून त्या मालकाच्या नावाने हुकूम सोडायची मुभा काकांनी माझ्या नावाला जोडून दिली. हुकमाच्या आधी 'सुडो' लिहायचं आणि माझाच पासवर्ड द्यायचा, की झालं. "तुला समदीकडं जाता येतंय," निळ्या वहीत एकेक हुकूम लिहून देताना ते म्हणाले, "म्हणून कुठंबी जायचं न्हाई. कळलं का?" मी हो म्हणाले. सतराव्या वर्षी माणूस कशालाही हो म्हणतो.

आमचं घर म्हणजे स्टेशनमागचं दोन खोल्यांचं क्वार्टर. वारं तिकडून असलं की पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू यायचं, आणि नसलं की गाड्या उशिराने धावत असल्याबद्दलची दिलगिरी. उन्हाळ्यात कूलरचा खडखडाट दिवसभर. कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या दाराशी, कारण लांब वायर नव्हती. त्यामुळे त्याच्या कीबोर्डात कायम शेंगदाण्याच्या चटणीचा वास असे. दुपारी भांडी झाली की आई तासभर त्याच्यासमोर बसायची. मी कॉलेजातून यायची तेव्हा तिने कांदा-मिरची घालून परतलेला सुशीला ताटलीखाली झाकून ठेवलेला असे. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, गरम असतानाच खायचा तो पदार्थ, पण मी दारातून आत आले की आई आधी खिडकी बंद करायची. दाराशेजारची नव्हे, पडद्यावरची. मग म्हणायची, "खाऊन घे बिगीबिगी."

त्या वर्षी मी बारावीला होते आणि घरात लातूर या शब्दाची मला चीड होती. दहावीनंतर आमच्या गल्लीतल्या तीन मुली लातूरला शिकायला गेल्या. हातात पत्र्याची पेटी घेऊन, आई-बापांच्या डोळ्यांत पाणी, असं सगळं साग्रसंगीत. मला बाबांनी पाठवलं नाही. "इथं काय कॉलेजं न्हाईत का?" एवढंच म्हणाले. आईचं माहेर लातूरचं, तिने तरी माझी बाजू घ्यावी, तर ती भाकरी थापत गप्प राहिली. मी ते गप्प राहणं दोन वर्षं जपून ठेवलं होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मी आईशी बोलताना प्रत्येक वाक्यात एक खडा ठेवायची.

आणि अशात एका दुपारी मी दारात चपला काढत असताना आतून आईचा आवाज ऐकला. ती फोनवर हळू बोलत होती. "व्हय सर. सोमवारी पाचच्या आत देते. लातूरला यावं लागलं तर येते मी. न्हाई, घरी अजून कुणाला बोलले न्हाई." मी आत गेले तेव्हा ती पडद्यावरची खिडकी बंद करत होती. मला विचारता आलं असतं. पण विचारलं की उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढा दम माझ्यात नव्हता. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत राहिला. मला लातूरला जाऊ दिलं नाही आणि ही स्वतः निघाली आहे. कशाला, कुणाकडे, किती दिवसांसाठी. रसायनशास्त्राच्या पुस्तकावर मी चार दिवस तेच एक पान उघडून बसले.

शनिवारी आई हदगावला एका नात्यातल्या डोहाळजेवणाला गेली. बाबा कचेरीत. मी माझ्या नावाने आत शिरले आणि आईचा प्रोग्राम आईच्या नावाने चालवायला बघितला. सुडो लावलं तर त्याने आईचा पासवर्डही विचारला नाही. आणि तरी प्रोग्राम उघडेना. उत्तर आलं की पडदा उघडता येत नाही. पडदा म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत डिस्प्ले. मी तेव्हा चिडले, पण त्यातली गोम आज मला फार आवडते. मशीनवर आपलं नाव घेऊन जो बसला आहे, पडदा त्याचा. दुसऱ्या नावाने चाललेल्या प्रोग्रामला त्यावर रेघसुद्धा ओढता येत नाही, तो प्रोग्राम मीच चालवला असला तरी. काकांच्या निळ्या वहीत याचं एक पान होतं. पण ते पान काढायचं म्हणजे काकांचं अक्षर बघायचं, आणि त्या दिवशी मला कुणाचंच अक्षर बघायचं नव्हतं. मी इंटरनेटवर सापडतील ते हुकूम उचलले आणि न वाचता एकामागून एक चिकटवले. एका हुकमाने या पडद्याची किल्ली आईच्या खोलीत नेऊन ठेवली, मालकाच्या हाताने. शेवटी मी मालकालाच सांगितलं की आईची खोली ही तुझीच खोली समज आणि तिथला प्रोग्राम चालव. आणि तो उघडला.

आत चित्रं होती. हृदयाचा छेद. मूत्रपिंड. जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद. डोळा. एकेक रेघ अशी स्वच्छ की मी कॉलेजच्या पुस्तकातही पाहिली नव्हती. मला आधी हायसं वाटलं आणि लगेच राग आला. एवढंच होतं तर लपवायचं कशाला? पाचवं चित्र हाताच्या पंज्याचं होतं, वहीवर टेकवलेल्या. वरून कातडी, आत हाडं. त्यात करंगळी शेवटच्या पेराशी बाहेर वाकलेली होती. मी जीवशास्त्राची हुशार विद्यार्थिनी. प्रत्येक चाचणीत पहिली. आईला एवढं साधं कळू नये याचं मला त्या क्षणी, खरं सांगते, बरं वाटलं. मी माउस घेतला आणि करंगळी सरळ केली. पेरं नीट एका ओळीत बसवली. जतन केलं, बंद केलं आणि हदगावहून आई येताना काय खायला आणते याची वाट बघत बसले. तिने पुरणाची पोळी आणली, डब्यात केळीच्या पानावर, आणि पहिली मला दिली.

सोमवारी माझी तयारीची सुट्टी होती. अकराला आईने भाकऱ्या उरकल्या, हात धुतले, आणि कॉम्प्युटरसमोर बसून नाव आणि पासवर्ड घातला. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा नाव विचारायला लागला. तिने पुन्हा घातला. पुन्हा काळा, पुन्हा नाव. मी गादीवर पुस्तक घेऊन बसले होते. सातव्या-आठव्या वेळेला तिने एकेक अक्षर ओठांत म्हणत घातलं. मग ती उठली, देवासमोर जाऊन उगाच निरांजन पुसून आली, आणि परत बसली. मला तोवर कळून चुकलं होतं. नेमकं काय बिघडलं ते नव्हे, पण कुणी बिघडवलं ते.

बाबा जेवायला आले तेव्हा ती ताट वाढताना म्हणाली, "अहो, ते माझं नाव घेईना झालंय."

"पासवर्ड चुकत असंल."

"असंल. माझंच काईतरी चुकून राहिलंय," आई म्हणाली. "आता वय झालं का काय, ध्यानात राहत न्हाई."

ती तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. आज मी त्याच्या आसपास आहे आणि ते वाक्य मला अजून झोंबतं. मशीनने खरं तर तिचा पासवर्ड बरोबर मानला होता. चुकला असता तर त्याने तसं लिहिलं असतं. पण तिला वाटलं की आपणच चुकलो, आणि मी अंबाडीची भाजी भाकरीने पुसून खात गप्प राहिले. गप्प राहायला मी तिच्याकडूनच शिकले होते, पण तिचं गप्प राहणं कुणाला खोटं पाडण्यासाठी नव्हतं.

बाबा गेल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. तिने सगळं सांगितलं, आणि ते सांगताना ती माझ्याकडे न बघता गादीचा दोरा ओढत होती. लातूरचे एक शिकवणीवाले सर बारावीच्या जीवशास्त्राचं पुस्तक काढत होते. त्यांना आकृत्या काढणारं कुणीतरी हवं होतं. लग्नाआधी आई लातूरला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होती, फळ्यावर आकृत्या काढून द्यायची. तिथल्या एका जुन्या बाईंनी तिचं नाव सुचवलं. सरांनी नमुन्याला पाच आकृत्या मागितल्या होत्या. चार अभ्यासक्रमातल्या आणि एक स्वतः समोर बघून काढलेली, कुठल्याही पुस्तकातून न उतरवलेली. ती पाचवी बघूनच काम द्यायचं की नाही ते ठरणार होतं. "पुस्तकावर नाव टाकतो म्हणले ते," आई म्हणाली. "आकृत्या म्हणून खाली. न्हाई जमलं तर उगं बोभाटा कशाला, म्हणून बोलले न्हाई. आज पाचपर्यंत द्यायचंय. आन साडेचारला लाइट जाती."

दीड वाजला होता. अवीकाका परीक्षेच्या कामावर होते, त्यांचा फोन बंद. माझ्यापुढे एक सोपी वाट होती. पुन्हा सुडो लावायचं, आईच्या खोलीतली पाचही चित्रं मालकाच्या हाताने उचलून माझ्याकडे आणायची आणि म्हणायचं, बघ, वाचवली. आई माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली असती, लई हुशार माझी पोरगी. मी माझ्या नावाने आत शिरले आणि तो शब्द टाईपही केला. आई शेजारी स्टुलावर होती. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "तुला माझा पासवर्ड नको का?"

मी थांबले. "न्हाई... म्हणजे लागतोय."

"मग विचारलास न्हाई ते?"

मी टाईप केलेलं खोडलं आणि कपाटावरची निळी वही काढली. त्या पानाच्या वरच काकांनी लिहिलं होतं: 'दुसऱ्याचा प्रोग्राम आपल्या पडद्यावर हवा असेल तर दोघांनी मिळून करावं. आधी पडदा ज्याचा त्याने परवानगी द्यावी, फक्त त्या एका नावाला, सगळ्या जगाला नाही. मग ज्याचा प्रोग्राम त्याने स्वतःच्या हाताने स्वतःचा पासवर्ड घालावा.' खाली हुकूम होते. मी पहिला लिहिला. माझ्या पडद्यावर सुलभा या आईच्या नावाला येऊ द्यावं. मशीनने तशी एका ओळीची पावती दिली. मग सुलभा व्हायचा हुकूम दिला, त्याने पासवर्ड विचारला, आणि मी खुर्ची सोडून उठले. आई खुर्चीत बसली. तिने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे तोंड केलं.

"घेतला गं," ती म्हणाली. "घेतला. म्हणजे चुकत नव्हते मी?"

मग पडद्याचा क्रमांक सांगितला, प्रोग्रामचं नाव लिहिलं, आणि माझ्या रसायनशास्त्राच्या नोट्सच्या शेजारी आईची खिडकी उघडली. माझ्या पडद्यावर, पण तिच्या नावाने. तिने हृदय बघितलं, मूत्रपिंड, फूल, डोळा. प्रत्येकावर जरा थांबून मान हलवली. पाचवं उघडलं आणि तिचा हात माउसवरच राहिला.

बाहेर कुठल्यातरी गाडीची घोषणा तिन्ही भाषांत होईपर्यंत ती चित्र मोठं करून बघत राहिली.

"ही करंगळी अशी नव्हती," ती म्हणाली.

तिने करंगळी थोडी वाकवून बघितली आणि जतन करायला गेली. खोका आला. लिहायची परवानगी नाही. तिने तो बंद केला, पुन्हा केलं, पुन्हा तोच खोका. "माझं हाय न हे?" ती मला विचारत होती. "मीच काढलंय न?" मी वाकून फाइलची माहिती उघडली. मालक: रूट. मी शनिवारी जतन केलं तेव्हा ती फाइल नव्याने लिहिली गेली होती, आणि लिहिणारा मालक म्हणून वस्तूही मालकाची झाली होती. आईला त्यातलं काही कळत नव्हतं. पण माझं तोंड तिला लहानपणापासून वाचता येत होतं.

"तू गेलतीस का आत?"

"हाव," मी म्हणाले. मग सगळंच सांगितलं, फोनपासून. तुला जायचंय आणि मला जाऊ दिलं नाहीस, हेही. दोन वर्षं साठवलेलं ओकलं. करंगळी चुकली म्हणून सरळ केली, हे सगळ्यात शेवटी सांगितलं, कारण त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटत होती आणि का ते अजून कळलं नव्हतं.

आई रागावली नाही, आणि ते वाईट होतं. तिने माझा डावा हात धरला आणि टेबलावर ठेवला. माझी करंगळी शेवटच्या पेराशी बाहेर वाकलेली आहे. सहावीत मुदखेडच्या मामाच्या घरी सायकलवरून पडले होते, हाड जरा वाकडंच जुळलं. मला तिची इतकी सवय झाली होती की मला ती दिसतच नव्हती.

"पुस्तकातून उतरवू नका म्हणले होते सर," आई म्हणाली. "तू अभ्यास करताना डावा हात वहीवर ठेवती. रोज बघून राहिले मी. महिना लागला."

तीनला दहा मिनिटं होती. मी वहीतला मालक बदलायचा हुकूम शोधला. त्यासाठी मालकाचाच शब्द लागणार होता. मी लिहिण्याआधी आईला विचारलं, "लावू का?" ती म्हणाली, "लाव." तिच्या खोलीतली जी जी वस्तू मी मालकाची करून ठेवली होती, सकाळपासून तिची वाट अडवणारी ती पडद्याची किल्लीसुद्धा, ती पुन्हा सुलभाच्या नावाची झाली. आणि मग तिने मला सांगितलं, "हात ठेव. हालवू नको."

मी आयुष्यात इतकी स्थिर कधी बसले नव्हते. माझा डावा हात कीबोर्डाच्या कडेला, वहीवर. आई एकदा हाताकडे, एकदा पडद्याकडे. कूलर खडखडत होता, मानेवर घाम येत होता, करंगळीशेजारी मुंगी चालत होती आणि मी ती झटकली नाही. मी सरळ केलेली रेघ ती मोडत होती, एकेक ठिपका धरून. मध्येच म्हणाली, "लातूरला तुला मीच पाठवू नका म्हणले होते. यांचं न्हाई ते." मी हात न हलवता विचारलं, "काऊन?" ती म्हणाली, "मला करमलं नसतं." एवढंच. दोन वर्षं मी ज्याच्यासाठी खडे मारत होते त्याचं उत्तर तीन शब्दांचं निघालं, आणि माझ्या नाकावर आलेलं पाणी मला पुसता येत नव्हतं.

चार वाजून वीस मिनिटांनी तिने ब्राउझर उघडायला सांगितला, तिच्याच नावाने. पाच चित्रं जोडली. चौथं चढताना लाइट गेली. यूपीएस टूं-टूं करायला लागला. कूलर थांबला आणि घरात एकदम इतकी शांतता झाली की आम्ही दोघी पडद्यावर सरकणारी ती निळी पट्टी श्वास रोखून बघत राहिलो. पाचवं चढलं. पत्र गेलं. मी मशीन बंद केलं आणि आई स्वयंपाकघरात जाऊन दोन कप चहा मांडून आली. चहा पिताना तिने विचारलं, "ती मालकी काढता येती का?"

"कुणाची?"

"तुझी."

मी म्हटलं येते. "मंग काढ. आन मला दे. मला काय त्यातलं येत न्हाई, पर कुणाकडं तरी ठेवायची तर माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी, तिच्या देखत, मी ज्यांना मालकाचा हुकूम चालवता येतो त्या यादीत तिचं नाव घातलं आणि माझं काढलं. माझ्या नावाने दिलेला तो शेवटचा सुडो. लगेच दुसरा देऊन बघितला, तर मशीनने सांगितलं की हिला परवानगी नाही. आई पहिल्यांदा हसली. बाबांना पुढे आम्ही दोघींनी काम मिळाल्याचंच सांगितलं, बाकीचं नाही. पाकिटावर त्यांचं नाव नव्हतं.

काम मिळालं. पुस्तक आलं तेव्हा शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात तिचं नाव होतं. वाकड्या करंगळीचा हात एकशे सोळाव्या पानावर आहे. पुढच्या आवृत्तीत सरांनी तो बदलायचं म्हटलं, तर आई लातूरला जाऊन त्यांना सांगून आली की मग माझं नावही काढा. हात राहिला. मी पुढे शिकायला लातूरलाच गेले आणि तिथे आई महिन्यातून एकदा कामाला येताना मला धपाटे घेऊन यायची. मालकी तिच्याकडे असताना माझ्या नावाच्या खोलीत ती एकदाही गेली नाही. मी विचारलं नव्हतं. दिवाळीत तीच सांगायची, "तुझं काई उघडलं न्हाई बरं का."

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. आता बाबा नाहीत, क्वार्टर कधीच सुटलं, ती लातूरला माझ्याजवळच दोन गल्ल्या पलीकडे राहते. मशीन तिसरं, पण नावं तीच आणि मालकीही तिचीच. "मंजू, पासवर्ड आठवंना," ती म्हणाली, आणि या वेळी मला तिच्या घरी जाऊन तपासून घ्यावं लागलं. खरंच चुकत होता. मशीन तसं लिहीत होतं. बाहेरून आत शिरायच्या वाटा मला माहीत आहेत. माझं पोट त्याच कामावर चालतं, दहा मिनिटांचं काम. ती म्हणाली, "तुला येत असंल तर उघड तूच."

मी म्हटलं, आठवेल, बस. चहा केला. तिच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि डावा हात कीबोर्डाच्या कडेला ठेवला. ती बराच वेळ त्या हाताकडे बघत होती. तिची बोटं आता थरथरतात, पण ती हळूहळू कीबोर्डावर गेली. मी भिंतीकडे तोंड केलं आणि ती "घेतला" म्हणेपर्यंत वळले नाही.